साधी सायकल

परवा सायकलच्या दुकानात एक पोरगा आला. मालकाने विचारलं, "गिअरची दाखवू, की साधी?" मी बाजूला मागच्या चाकात हवा भरून घेत उभा होतो. आमच्या लहानपणी पुण्यात हा प्रश्नच नव्हता. सायकल म्हणजे सायकल; फार तर बावीस इंची की चोवीस, लेडीज की जेन्ट्स, एवढंच. गिअरची आली आणि आमची बसल्या जागी 'साधी' झाली.

इंग्लंडात हेच सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. पुढचं चाक छातीएवढं आणि मागचं परातीएवढं असलेली ती जुन्या चित्रांतली सायकल आपण 'पेनी-फार्दिंग' या नावाने ओळखतो. मोठ्या नाण्यामागून छोटं नाणं घरंगळत चाललंय, असं ते नाव. आपल्याकडे निघाली असती तर 'रुपया-पावली' म्हटलं असतं. पण तिच्या भरभराटीच्या दिवसांत हे नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. छापील मजकुरात ते सापडतं 1891 साली, म्हणजे ती मोडीत निघायच्या सुमारास. सुरुवातीला ती नुसती 'बायसिकल' होती. 1885 साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने मागचं चाक फिरवणारी 'रोव्हर' काढली. तिला 'सेफ्टी' म्हणू लागले. मग जुनीला वेगळं काहीतरी म्हणणं भाग पडलं, आणि ती 'ऑर्डिनरी' झाली. ऑर्डिनरी, म्हणजे साधी! हा शब्द आजही तिचे शौकीन आवर्जून वापरतात. 'पेनी-फार्दिंग' त्यांना जरा पोरकट वाटतं.

ही ऑर्डिनरी घडली कशी, यात मोठी गंमत आहे. 1860च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडलची दुचाकी निघाली. चाकं लाकडी, धावा लोखंडी, रस्ता दगडी. इंग्रजांनी तिचं नाव ठेवलं 'बोनशेकर', हाडं खिळखिळी करणारी. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असल्याने पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मग वेग वाढवायचा तर चाकच मोठं करायला हवं. लाकडाचं तेवढं मोठं चाक पेलवणार कुणाला? तारेचे ताणलेले स्पोक आले आणि चाक हलकं झालं. जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 1870 साली 'एरियल'चं पेटंट घेतलं, आणि त्यानंतर पुढचं चाक वाढतच गेलं. ते थांबलं ते स्वाराच्या तंगडीपाशी. पाय जेवढे लांब तेवढं चाक मोठं, त्यामुळे सायकल कपड्यांसारखी मापाने घ्यायची. चोपन्न इंची चाक एका फेऱ्यात सव्वाचार मीटरच्या वर जातं. धडधाकट तरुण तिच्यावर बसून घोड्याच्या उंचीवरून जग बघत होते.

आणि पडतही होते. बसणारा जवळजवळ पुढच्या चाकाच्या माथ्यावर, त्यामुळे एखादा दगड आडवा आला की मागचं चाक उचललं जाई आणि स्वार हँडलवरून पुढे. तोंडघशी पडणं हा वाक्प्रचार इतका शब्दशः क्वचितच कुणी जगलं असेल. उतारावर जाणते लोक पाय हँडलच्या वरून पुढे टाकून बसत, म्हणजे पडलंच तर निदान पाय आधी टेकतील.

सायकल क्लब निघाले ते याच काळात. एकट्याने पडण्यापेक्षा चौघांत पडलेलं बरं, हे एक कारण झालं. दुसरं जास्त गंभीर होतं. रस्ता घोडागाड्यांचा होता आणि गाडीवानांना ही नवी ब्याद नको होती. 1876 साली सेंट ऑल्बन्सच्या एका प्रवासी घोडागाडीच्या गाडीवानाने एका सायकलवाल्यावर चाबूक ओढला, आणि गाडीवरच्या गार्डाने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा त्याच्या स्पोकांत फेकून सायकलीसकट त्याला फरफटवलं. गोळा बरोबर बाळगलेला होता, म्हणजे तयारीनिशी आले होते. अशा रस्त्यावर कळपाने जाणंच शहाणपणाचं. म्हणून क्लबच्या सहलींना लष्करी थाट आला: गणवेश, पुढे कॅप्टन, आणि बरोबर एक बिगूलवाला. चढा, उतरा, एकामागे एक व्हा, या सगळ्याच्या वेगळ्या धुना.

यांतला सर्वांत जुना म्हणवणारा क्लब लंडनच्या हॅकनी भागातला. 22 जून 1870 रोजी हॅकनी डाउन्सच्या डाउन्स हॉटेलात सहा जण जमले. तेराच दिवसांपूर्वी चार्ल्स डिकन्स वारला होता. त्याच्या पहिल्या कादंबरीवरून त्यांनी नाव घेतलं 'पिकविक बायसिकल क्लब'. कादंबरीतला तो गोलमटोल पिकविकही आपल्या क्लबासह गावोगाव हिंडून फजिती करून घेतो, त्यामुळे नाव चपखल. सभासदांना त्या कादंबरीतल्या पात्रांची नावं मिळतात, आणि क्लबात ते त्याच नावाने ओळखले जातात. क्लब अजून चालू आहे. मला यात मौज वाटते ती अशी, की हे सहा जण जुनं काही जपायला जमले नव्हते. त्यांच्या हाती त्या काळचं अगदी नवं यंत्र होतं. नुसते टिकून राहिले आणि पुराणवस्तू झाले.

पुढचं झपाट्याने झालं. 1888 साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच साली इकडे बेळगावात किर्लोस्करांचं सायकलचं दुकान निघालं. सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचीही, असा तो धंदा होता. आपल्याकडे सायकल रुजली ती सेफ्टीच्याच रूपात. ऑर्डिनरीवरचा एक पाहुणा मात्र येऊन गेला: पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला टॉमस स्टीव्हन्स 1886 साली ग्रँड ट्रंक रोडने लाहोरहून कलकत्त्याला गेला. रस्त्यातल्या गावांनी काय पाहिलं असेल!

मुद्दाम जुन्या सायकलींसाठी क्लब निघायला 1955 उजाडलं. इंग्लंडातल्या 'सदर्न व्हेटरन-सायकल क्लब'ने आपल्या नियतकालिकाचं नाव ठेवलं 'द बोनशेकर'. पुढे 'सदर्न' गळलं. हे लोक सहली काढतात, जुन्या वेशात, जुन्या चाकांवर. चेशरमधल्या नट्सफर्डला तर 1980 पासून दर दहा वर्षांनी ऑर्डिनरींची तीन तासांची शर्यत होते. पण मला या मंडळींचं खरं काम वेगळंच वाटतं. एकेका कंपनीच्या सायकलींचा एकेक जाणकार क्लबात असतो. तुम्ही फ्रेमवरचा नंबर कळवायचा, त्याने सायकलचं साल सांगायचं. जन्मतारीख हरवलेल्या म्हाताऱ्यांना वय मिळवून देणारं हे खातं.

या खात्याविषयी वाचल्यावर मी पार्किंगमधली माझी साधी सायकल आडवी केली. ती वडिलांची; सीटखालच्या नळीवर नंबर असतो हे त्यांनीच कधीतरी दाखवलं होतं. चिखल खरवडला, रॉकेल नव्हतं म्हणून खोबरेल लावलं, फडक्याने घासलं. नंबर दिसला. चौथा आकडा तीन आहे की आठ, ते मात्र गंजामुळे अजून ठरत नाही.