शिकणाऱ्यांसाठी राखलेले घर

लंडनच्या मध्यभागी लिंकन्स इन फील्ड्स नावाचा जुना, विस्तीर्ण चौक आहे. त्याच्या उत्तर बाजूस भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेत 13 क्रमांकाचे घर चटकन वेगळे दिसते. शेजारची घरे साध्या विटांची. याची दर्शनी बाजू मात्र पोर्टलंडच्या फिकट दगडाची आणि रांगेच्या किंचित पुढे आलेली. वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी ते 1812 मध्ये स्वतःसाठी बांधले. आज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही हे घर जवळजवळ त्यांनी सोडले तसेच आहे. ते टिकले, त्याचे श्रेय दगडाच्या मजबुतीपेक्षा त्याच्या धन्याने त्याला दिलेल्या कामाला अधिक आहे.

सोन यांचा जन्म 1753 मध्ये एका गवंड्याच्या घरी झाला. रॉयल अकादमीत शिकत असताना त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे मिळालेल्या प्रवास-शिष्यवृत्तीवर ते 1778 मध्ये इटलीस गेले. त्या काळी पॉम्पेईसारख्या गाडल्या गेलेल्या नगरांच्या उत्खननाने युरोपातील कलावंत भारावले होते. प्राचीन ग्रीस व रोमच्या वास्तूंतील प्रमाणबद्धता, स्तंभ, कमानी आणि घुमट यांचा नव्याने अभ्यास सुरू झाला आणि त्यातूनच नवअभिजात शैली बहरली. सोन यांनी ही शैली आत्मसात केली, पण तिची नक्कल केली नाही. आपल्या घराच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी अवजड स्तंभांऐवजी दगडात कोरलेल्या सरळ रेषा योजल्या आणि वर ग्रीक धर्तीच्या दोन स्त्रीमूर्ती बसवल्या. अलंकार कमी करूनही अभिजात प्रमाण राखता येते, हे त्यांनी त्यातून दाखवले.

रांगेतील घराची मोठी अडचण उजेडाची असते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून खिडक्या केवळ पुढे आणि मागे. सोन यांनी उजेड छतातून आणला. न्याहारीच्या लहानशा खोलीवर त्यांनी छत्रीसारखा पसरट घुमट उभारला. तो भिंतींना टेकत नाही, चार सडपातळ आधारांवर तोलला आहे. घुमट व भिंत यांच्यामधील फटींवर, खालून दिसणार नाहीत अशा बेताने, छतात काचा बसवल्या आहेत. त्यांतून उतरणारा मंद, पिवळसर प्रकाश भिंतींवरून ओघळतो आणि घुमटातील बहिर्वक्र आरसे तो खोलीभर पसरवतात. खोली लहानच राहते, परंतु लहान वाटत नाही.

12 क्रमांकाचे घर त्यांनी 1792 मध्ये घेतले होते. त्यानंतर 13 व शेवटी 14 क्रमांकाचे घर घेऊन त्यांनी तिन्हींच्या मागील भाग एकमेकांस जोडले. 1824 मध्ये मागे चित्रदालन तयार झाले. जेमतेम बारा-तेरा फुटांच्या या खोलीत शंभरावर चित्रे मावतात, कारण तिच्या भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात. एका थराआड दुसरा थर असतो. विल्यम होगार्थ यांच्या गाजलेल्या चित्रमालिका तेथेच आहेत. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमने घेण्याचे नाकारलेली, इजिप्तचा राजा सेती पहिला याची दगडी शवपेटिका सोन यांनी 2000 पौंडांस विकत घेतली. ती आत आणण्यासाठी घराची मागील भिंत फोडावी लागली.

हा सारा खटाटोप केवळ हौसेपोटी नव्हता. 1806 मध्ये सोन रॉयल अकादमीत वास्तुकलेचे प्राध्यापक झाले. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे इंग्लंडमधील विद्यार्थ्यांना इटलीचा प्रवास दुरापास्त झाला होता. जे रोमला जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी रोमच घरी आणावे, असा सोन यांचा विचार होता. प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरमधील प्रतिकृती, स्तंभांचे तुकडे, इमारतींचे नमुने आणि हजारो आराखडे त्यांनी घरात मांडले. आपल्या व्याख्यानाच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी ते विद्यार्थ्यांना घर खुले करीत. ऐकलेला धडा डोळ्यांनी पाहता यावा, ही शिक्षकाची तळमळ त्यामागे होती.

या घराला दुःखाची किनारही आहे. आपल्या मुलांनी वास्तुविशारद व्हावे, ही सोन यांची इच्छा पुरी झाली नाही. धाकट्या जॉर्जने 1815 मध्ये वडिलांच्या कामावर निनावी, बोचरे लेख लिहिले. त्यानंतर थोड्याच काळात सोन यांच्या पत्नी एलायझा निवर्तल्या. सोन यांनी त्या मृत्यूचा दोष मुलावर ठेवला. 1823 मध्ये थोरला मुलगाही गेला. अखेर 1833 मध्ये सोन यांनी ब्रिटिश संसदेकडून खास कायदा संमत करून घेतला. आपल्या मृत्यूनंतर घर व संग्रह शक्यतो आहे तसाच राखावा आणि अभ्यासकांस व जनतेस पाहता यावा, अशी तरतूद त्यात होती. जॉर्जचा विरोध निष्फळ ठरला. मुलाच्या वाट्याचे घर कायमचे विद्यार्थ्यांकडे गेले. 1837 मध्ये सोन याच घरात वारले.

या कायद्याचे मोल सोन यांच्या दुसऱ्या वास्तूकडे पाहिले की कळते. बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद म्हणून त्यांनी पंचेचाळीस वर्षे काम केले. तेथील घुमटाकार दालने ही त्यांच्या आयुष्याची मोठी कमाई मानली जाई. परंतु बँकेला अधिक जागा हवी होती आणि त्या दालनांना कायद्याचे कवच नव्हते. 1925 पासून झालेल्या पुनर्बांधणीत ती बहुतेक सर्व पाडली गेली. राहिली ती प्रामुख्याने बाहेरची भिंत. पुनर्बांधणीचे वास्तुविशारद होते सर हर्बर्ट बेकर. नवी दिल्लीतील नॉर्थ ब्लॉक, साऊथ ब्लॉक व वर्तुळाकार जुने संसद भवन यांच्या रचनेमुळे भारतीयांना त्यांचे काम परिचित आहे. बेकर कुशल होते. तरीही एका पिढीची कुशलता मागच्या पिढीचे काम पुसू शकते, हे त्या घटनेतून दिसते.

बलाढ्य बँकेची दालने गेली आणि एका गवंड्याच्या मुलाचे घर राहिले. आजही तेथे प्रवेशास शुल्क नाही. अलीकडे वरच्या मजल्यावरील सोन यांच्या खासगी खोल्या पूर्ववत करण्यात आल्या. त्या वेळी त्यांच्याच कार्यालयातील शिष्यांनी काढून ठेवलेली जलरंगचित्रे मार्गदर्शक ठरली. गुरूने शिष्यांसाठी घर राखले आणि शिष्यांच्या हातच्या चित्रांनी गुरूचे घर पुन्हा उभे केले. विद्येसाठी उभारलेल्या कोणत्याही वास्तूला, मग ती लंडनमधील असो वा आपल्या गावातील, याहून चोख परतफेड मिळणे अवघड आहे.