टायगरलँड (चित्रपट)

'टायगरलँड' हा २००० साली प्रदर्शित झालेला अमेरिकन युद्धपट आहे. जोएल शूमाकर हे त्याचे दिग्दर्शक असून पटकथा रॉस क्लॅव्हन व मायकेल मॅकग्रुथर यांची आहे. व्हिएतनाम युद्धावर पाठविण्यापूर्वी अमेरिकन पायदळातील रंगरुटांना जे प्रशिक्षण दिले जाई, ते या चित्रपटाचा विषय आहे. युद्धपट असूनही त्यात प्रत्यक्ष रणांगण एकदाही दिसत नाही. शत्रूही नाही. रोलंड बॉझ या बंडखोर रंगरुटाची प्रमुख भूमिका कॉलिन फॅरेल या आयरिश अभिनेत्याने केली आहे.

पार्श्वभूमी

कथा सप्टेंबर १९७१ मध्ये लुईझियाना राज्यातील फोर्ट पोक या लष्करी तळावर घडते. या तळाच्या जंगलमय, दमट व दलदलीच्या भागात पायदळाचे प्रगत प्रशिक्षण चाले आणि त्या भागालाच 'टायगरलँड' म्हणत. तेथील हवामान व भूभाग व्हिएतनामशी मिळताजुळता असल्याने सैनिकांना युद्धभूमीची सवय व्हावी, असा हेतू होता. व्हिएतनामी खेड्यांच्या प्रतिकृती उभारून तेथे लुटुपुटूच्या लढाया खेळल्या जात.

कथेचा काळ लक्षात घेतल्याशिवाय पात्रांची मनःस्थिती कळत नाही. भारतात लष्करी सेवा ऐच्छिक आहे. अमेरिकेत मात्र त्या काळी तरुणांची सक्तीने भरती होत असे. १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढून कोणाला आधी बोलवायचे ते ठरविण्यात आले. त्याच वर्षी व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांची संख्या सुमारे ५ लाख ४३ हजारांवर पोहोचली होती. १९७१ च्या अखेरीस ती सुमारे १ लाख ५७ हजारांपर्यंत उतरली. म्हणजे सरकार सैन्य माघारी आणत होते आणि त्याच वेळी नवे रंगरूटही पाठवीत होते. माय लाय हत्याकांडाबद्दल लेफ्टनंट विल्यम कॅली याला मार्च १९७१ मध्ये दोषी ठरविण्यात आले, तर युद्धाच्या गोपनीय इतिहासाची 'पेंटॅगॉन पेपर्स' ही कागदपत्रे जून १९७१ मध्ये वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. हे युद्ध जिंकता येणार नाही, हे चित्रपटातील रंगरुटांना ठाऊक आहे. त्यांना शिकविणाऱ्या सार्जंटांनाही ते ठाऊक आहे.

कथानक

बॉझ हा सक्तीने भरती झालेला टेक्सासचा तरुण आहे. शिस्तभंगाबद्दल कोठडीत टाकलेला असतानाच त्याची पहिली भेट होते. बाहेर आल्यावर त्याची मैत्री जिम पॅक्सटन (मॅथ्यू डेव्हिस) याच्याशी जमते. पॅक्सटन स्वखुशीने सैन्यात आला आहे. त्याला लेखक व्हायचे आहे आणि युद्धाचा अनुभव लेखनासाठी हवा आहे. रोजचे प्रसंग तो वहीत टिपून ठेवतो. चित्रपटाचे निवेदनही त्याचेच आहे.

बॉझला लष्कराच्या नियमांची बारीक माहिती असते. कँटवेल (टॉम गिरी) या अल्पशिक्षित रंगरुटाच्या घरी पत्नी व मुले सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून आहेत. अशा माणसाला सेवेतून मुक्त करण्याची तरतूद नियमांत असते, परंतु ती त्याला कोणी सांगितलेली नसते. बॉझ ती सांगतो आणि कँटवेल घरी जातो. पुढे मायटर (क्लिफ्टन कॉलिन्स ज्युनियर) पलटणीची जबाबदारी न पेलल्याने मनाने कोसळतो, तेव्हा त्याच्याही सुटकेसाठी बॉझच खटपट करतो. विल्सन (शे व्हिगम) हा वर्णद्वेष्टा व क्रूर रंगरूट मात्र त्याचा वैरी बनतो. नेमबाजीच्या मैदानावर तो बॉझवर पिस्तूल रोखून चाप ओढतो. गोळी सुटत नाही, एवढ्यानेच बॉझ वाचतो.

तुकडी टायगरलँडला पोहोचते. पळून मेक्सिकोला जाण्याची वाट बॉझपुढे मोकळी असते, तरी तो थांबतो. अखेरच्या सरावात विल्सन पुन्हा समोर येतो. या वेळी तो सरावाच्या काडतुसांऐवजी खरी काडतुसे घेऊन आलेला असतो. या गोंधळातच बॉझ गोळी नसलेले काडतूस मुद्दाम पॅक्सटनच्या चेहऱ्याजवळ उडवतो. डोळ्याला इजा झाल्याने पॅक्सटनची युद्धातून सुटका होते. बॉझ स्वतः व्हिएतनामला रवाना होतो. त्याचे पुढे काय झाले, याबद्दल पॅक्सटनच्या कानी केवळ परस्परविरोधी वार्ता येतात.

बंडाचे स्वरूप

बॉझचे बंड राजकीय नाही. तो घोषणा देत नाही, निदर्शने करीत नाही, युद्ध अन्याय्य आहे असे भाषणही करीत नाही. लष्कराचेच नियमपुस्तक तो लष्कराविरुद्ध वापरतो, आणि तेही बहुधा इतरांसाठी. त्यामुळे अधिकाऱ्यांची विलक्षण कोंडी होते. शिक्षा करावी, तर तो नियमाबाहेर गेलेला नसतो. दुर्लक्ष करावे, तर एकेक माणूस हातातून निसटतो. सार्जंट कोटा (कोल हॉसर) याला त्याच्यात उपजत नेता दिसतो. ज्याला लढायचेच नाही, त्याच्यावरच पलटणीची जबाबदारी टाकली जाते आणि तो ती उत्तम पार पाडतो. आपल्या हाताखालची माणसे जिवंत राहावीत, ही बॉझची इच्छा चांगल्या अधिकाऱ्याचीही असते. चित्रपटाचे खरे नाट्य या साम्यात आहे. इतरांसाठी वाटा शोधणारा बॉझ स्वतःसाठी त्यांपैकी एकही वापरत नाही. त्याचे कारण पटकथा स्पष्ट करीत नाही, आणि ते योग्यच आहे.

रणभूमीवरील संपर्कयंत्राच्या विजेने कैद्याचा छळ कसा करावा, हे सार्जंट फिलमोर (मायकेल शॅनन) रंगरुटांना शिकवतो, तो प्रसंग चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. शिकविणाऱ्याच्या आवाजात राग नाही. नेहमीचा एखादा धडा घ्यावा तसा तो बोलतो.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'फुल मेटल जॅकेट' (१९८७) या चित्रपटाशी 'टायगरलँड'ची तुलना वारंवार होते. तेथे प्रशिक्षण हा पूर्वार्ध असून उत्तरार्ध युद्धात घडतो आणि प्रशिक्षक हा माणसे मोडणारे यंत्र वाटतो. येथील सार्जंट कठोर आहेत, पण थकलेलेही आहेत.

निर्मिती

'बॅटमॅन अँड रॉबिन' (१९९७) या प्रचंड खर्चाच्या चित्रपटावर कडाडून टीका झाल्यानंतर शूमाकर लहान चित्रपटांकडे वळले, त्यांपैकी हा एक. चित्रीकरण फ्लोरिडातील कॅम्प ब्लँडिंग येथे झाले. छायालेखक मॅथ्यू लिबाटिक यांनी १६ मिमी फिल्म व हातात धरलेला कॅमेरा वापरला. फिकट रंग व भरड चित्र यांमुळे दृश्ये जुन्या वार्तापटासारखी दिसतात. प्रमुख भूमिकांत त्या वेळी कोणीही प्रसिद्ध नट नव्हता.

प्रतिसाद

टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविल्यानंतर ऑक्टोबर २००० मध्ये हा चित्रपट अमेरिकेतील मोजक्या चित्रपटगृहांत लागला. सुमारे १ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाचे तेथील उत्पन्न दीड लाख डॉलरपर्यंतही पोहोचले नाही. समीक्षकांचे मत मात्र बरेचसे अनुकूल होते आणि फॅरेलला बोस्टनच्या चित्रपट समीक्षक संघाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. आयरिश असूनही त्याने साधलेल्या टेक्सासच्या बोलीचे विशेष कौतुक झाले. शूमाकर यांनी पुढे 'फोन बूथ' या चित्रपटातही त्यालाच प्रमुख भूमिका दिली.