नोकरी सांभाळून व्यवस्थापनाची पदवी : प्रवेशाआधी काय तपासावे, काय शिकायला मिळते

पोटापाण्याचे काम करणाऱ्याला शिकायचे असेल तर शिक्षणाने त्याच्या वेळेशी जुळवून घ्यावे लागते. हा विचार आपल्याकडे जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. विद्यार्थ्यांना दिवसा नोकरी करता यावी म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत. याच संस्थेने 1953 मध्ये वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे वेगळे महाविद्यालय उभे केले.

आज तिशी-चाळिशीतल्या माणसासाठी ही सोय प्रामुख्याने मुक्त विद्यापीठांतून होते. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) 1985 चे. 1987 मध्ये त्याने जे पहिले दोन अभ्यासक्रम सुरू केले त्यांतला एक व्यवस्थापनाचाच होता. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 चे. तिथे बी.कॉम. मराठीतून करता येते आणि पुस्तके स्वतः वाचून समजतील अशा पद्धतीने लिहिलेली असतात. इग्नूचे एम.बी.ए. मात्र मुख्यतः इंग्रजीतून आहे. बारावीनंतर अठरा-वीस वर्षे इंग्रजीशी संबंध तुटला असेल तर हा फरक फीपेक्षा मोठा ठरतो. माझे मत स्पष्ट आहे : हिशेब आणि अर्थशास्त्राचा पाया मराठीतून घ्या, इंग्रजी त्याच्या जोडीने वाढवा. इंग्रजीच्या धाकाने विषयच सुटला तर पदवीही हाती लागत नाही.

नियमित महाविद्यालयात बी.बी.ए. करायचे असेल तर एक बदल लक्षात घ्या. 2024 पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी सीईटी सुरू झाली. नोकरदार माणसाला हा रस्ता सहसा परवडत नाही.

सर्वात जास्त फसवणूक प्रवेशाच्या टप्प्यावर होते. वस्त्यांत काम करताना मला असे एजंट वारंवार दिसतात. ‘एका वर्षात पदवी, परीक्षेची काळजी नको’ अशी त्यांची भाषा असते. पदवीला नियमित शिक्षणात जेवढी वर्षे लागतात, त्यापेक्षा कमी काळात दूरशिक्षणाने ती मिळू शकत नाही, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या अभ्यासक्रमासाठी, कोणत्या सत्रापुरती मान्यता आहे याची यादी असते. विद्यापीठाचे नाव यादीत असणे पुरेसे नाही, तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचे सत्रही तिथे दिसले पाहिजे. पैसे विद्यापीठाच्या खात्यातच भरा, मध्यस्थाच्या हातात नको. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर केले आहे. त्यामुळे ‘मुक्तची डिग्री चालत नाही’ हे वाक्य ऐकून खचू नका. पण बढतीसाठी शिकत असाल तर आपल्या खात्याचे सेवाप्रवेश नियम आधी वाचा, विशेषतः बारावी न करता पूर्वतयारी परीक्षेच्या मार्गाने पदवीला आला असाल तर.

आता विषयाकडे. व्यवस्थापन म्हटले की टाय घातलेला मॅनेजर डोळ्यांपुढे येतो. पहिल्या वर्षी प्रत्यक्षात भेटतात नावे-जमा, घसारा, मागणी-पुरवठा, करार कायदा. हे सगळे आपल्या आजूबाजूला आहेच. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावणारा घ्या. तो प्रकाशकाकडून माल उधारीवर उचलतो, दोन-तीन दिवसांत विकतो, उरलेला परत करतो किंवा घरी ठेवतो. गल्ल्यात रोकड भरपूर दिसते, पण त्यातली मोठी रक्कम प्रकाशकाची असते. रोकड म्हणजे नफा नव्हे, हा हिशेबशास्त्रातला पहिल्या महत्त्वाच्या धड्यांपैकी एक. घरी पडून राहिलेल्या गठ्ठ्यांत त्याचे खेळते भांडवल अडकलेले असते, हा दुसरा. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईला किंवा टेम्पोचे हप्ते फेडणाऱ्याला हे वीस वर्षांच्या मुलापेक्षा लवकर कळते. त्यांना फक्त पुस्तकातली नावे नवी असतात. मुद्रा कर्जासाठी बँकेत जाताना प्रकल्प अहवाल दुसऱ्याकडून पैसे देऊन लिहून घ्यायचा की स्वतः लिहायचा, हा फरक इथे पडतो. बँकेचा अधिकारी विचारतो, महिन्याला किती माल विकला की खर्च निघेल? अहवाल दुसऱ्याने लिहिलेला असेल तर तिथेच गाडी अडते.

गळती कुठे होते? माझ्या पाहण्यात बहुतेक जण परीक्षेत नापास होऊन शिक्षण सोडत नाहीत, स्वाध्याय न दिल्यामुळे अडकतात. इग्नूमध्ये बहुतेक विषयांत 30 टक्के गुण स्वाध्यायाचे आणि 70 टक्के सत्रान्त परीक्षेचे असतात. पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो, कपाटावर जातो आणि मुदत निघून जाते. बायकांच्या बाबतीत घरातल्या कामाची वाटणी बदलली नाही तर रविवारचे संपर्कसत्रही बुडते. सासूबाई किंवा नवरा यांच्याशी हे बोलणे फॉर्म भरण्याआधी झालेले बरे. दोन-तीन जणांनी एकत्र प्रवेश घेऊन आठवड्यातून एकदा विहारात बसून हिशेबाची उदाहरणे सोडवली तर टिकाव लागतो. संख्याशास्त्र आणि हिशेब हे विषय एकट्याने वाचून होत नाहीत. मध्ये खंड पडलाच तर घाबरू नका. इग्नूची तीन वर्षांची बी.कॉम. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात.

कागदपत्रांचे थोडे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या, पण त्यासाठी जातीचा दाखला केंद्राने ठरवलेल्या नमुन्यात लागतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. नोकरी करणाऱ्याचा स्वतःचा पगारही उत्पन्नात मोजला जातो, हे अनेकांना अर्ज फेटाळल्यावर कळते. म्हणून उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा काढा, महाडीबीटीवर आपला अभ्यासक्रम यादीत आहे का ते पाहा आणि अभ्यासकेंद्रावर जाताना तीन गोष्टी विचारा : संपर्कसत्रे कोणत्या वारी भरतात, हिशेब कोण शिकवते आणि गेल्या वर्षीच्या तुकडीतले किती जण दुसऱ्या वर्षाला पोहोचले.