शाळिग्रामांतील ज्युरासिक सागर

धाराशिव जिल्ह्यांत कोणत्याही वाटेनें हिंडलें तरी पायांखालीं बहुतेक एकच खडक लागतो. धाराशिवचीं लेणीं त्यांतच कोरलेलीं आहेत, नळदुर्गचा तट त्याच्याच चिऱ्यांचा आहे, आणि बालाघाटच्या डोंगरांची पायऱ्यापायऱ्यांची उतरणहि त्याचीच. हा काळा बसाल्ट सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं तप्त लाव्हारसाच्या रूपानें भूगर्भांतून वर आला आणि थरावर थर चढवीत निवून गेला. अशा खडकांत सागरी शंखशिंपले शोधणें व्यर्थ होय.

परंतु या काळ्या थराच्या खालीं काय आहे, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर एका भीषण आपत्तीनंतर मिळालें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनीं किल्लारी येथें खोल छिद्र घेतलें. हा मुलूख १९८२ मध्यें लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यांत मोडत असे. छिद्रांत सुमारें ३३८ मीटर बसाल्ट लागला, त्याखालीं अवघा ८ मीटरांच्या आसपास गाळाचा थर, आणि नंतर एकदम अतिप्राचीन स्फटिकमय खडक. ज्युरासिक युगांत, म्हणजे सुमारें २० कोटि ते साडेचौदा कोटि वर्षांपूर्वीं, हा प्रदेश कोरडी भूमि होता. सागर येथवर कधीं आला नाहीं.

तरीहि त्या सागराचा एक रहिवासी धाराशिवच्या घरांत पोंचला आहे. देवघरांतील शाळिग्राम तो हाच. तुळजापूरच्या भवानीची मूर्ति गंडकी शिळेची आहे अशी श्रद्धा आहे. ज्या गंडकी नदीचें नांव त्या शिळेस लाभलें, तिच्याच नेपाळांतील वरच्या खोऱ्यांतून, मुक्तिनाथाच्या परिसरांतून, शाळिग्राम येतात. गुळगुळीत काळ्या गोट्यावर किंवा त्याच्या पोटांत जें चक्र दिसतें, तो अमोनाइट नांवाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. मेलेला शंख तळाच्या काळ्या चिखलांत रुतला, त्याच्याभोंवतीं चिखल घट्ट होऊन गोटा बनला, आणि पुढें भारतखंड आशियास भिडून हिमालय उभारला गेला तेव्हां सागराचा तळच आकाशाला जाऊन टेकला. वज्रकीट नांवाचा कीटक शाळिग्रामांत चक्र कोरतो असें परंपरा सांगते. शास्त्राचें उत्तर निराळें आहे खरें. पण या दगडाशीं एखाद्या जिवाचा संबंध असावा ही जाणीव त्या कथेंत आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

अमोनाइट दिसावयास गोगलगायीसारखा, पण गोत्र म्हाकूळ व अष्टपाद यांचें. त्याच्या वेटोळ्या शंखांत आडव्या भिंतींनीं अनेक दालनें झालेलीं असत. प्राणी राही शेवटच्या दालनांत. मागचीं दालनें तो वायूनें भरी आणि त्यांतून गेलेल्या एका बारीक नळीच्या साहाय्यानें पाण्यांत आपला तोल सांभाळी. या भिंती जेथें शंखास चिकटत तेथें त्यांच्या कडा चुणीदार होत्या, आणि गुळगुळीत झिजलेल्या नमुन्यावर त्या पानाफुलांच्या नक्षीसारख्या दिसतात.

या कुळाचा इतिहास दोनदां नष्ट होतां होतां वांचलेल्या घराण्यासारखा आहे. ज्युरासिक युगाच्या आरंभीं, आज जेथें अटलांटिक महासागर आहे त्या बाजूस, प्रचंड लाव्हारस वाहिला. हवा व समुद्र दोन्ही बिघडलीं आणि असंख्य जाती नाहींशा झाल्या. अमोनाइटांच्या अगदीं थोड्या शाखा त्यांतून तरल्या. पुढें या युगांत दिसणारा त्यांचा सारा विस्तार त्या थोड्यांपासून झाला. सुमारें १८ कोटि ३० लक्ष वर्षांपूर्वीं दक्षिण आफ्रिकेच्या बाजूस पुन्हां तसाच उद्रेक झाला; समुद्राच्या मोठ्या भागांत प्राणवायूचा तुटवडा पडला आणि पुन्हां पुष्कळ जाती गेल्या. धाराशिवच्या खडकाचींच ही जुनीं भावंडें होत.

समुद्रतळावरहि उलथापालथ चालू होती. खेकड्यांचें कुळ याच युगांत उदयास आलें आणि कवच फोडून खाणाऱ्यांची संख्या वाढत चालली. मग कालवांचीं कवचें जाड होऊं लागलीं, शिंपल्यांच्या कित्येक जाती चिखलांत खोल शिरल्या, आणि काटेरी चेंडूसारख्या सागरी प्राण्यांची एक नवी शाखा गाळांत बिळें करून राहूं लागली. उघड्यावर बसून राहणाऱ्या जुन्या दीपाकार शिंपल्यांचें महत्त्व मात्र उतरत गेलें. या दीर्घ चढाओढीस गीरात व्हरमे यानें १९७७ मध्यें क्रांति असें नांव दिलें. व्हरमे लहानपणापासून अंध आहे. शंखांवरील जखमा व डागडुजी तो बोटांनीं वाचतो.

हें सारें कळलें कसें? जर्मनीच्या आल्बर्ट ओपेलनें १८५६ ते १८५८ या काळांत दाखवून दिलें कीं, अमोनाइटांच्या जाती इतक्या जलद बदलतात कीं त्यांवरून खडकांच्या थरांचा क्रम ठरवितां येतो. श्लागिंटवाइट बंधूंनीं हिमालयांतून नेलेले अमोनाइटहि त्यानेंच तपासले. त्याचा शिष्य विल्हेल्म वागेन यानें १८६९ मध्यें, डार्विनच्या ग्रंथानंतर दहा वर्षांनीं, अमोनाइटांचें एकच कूळ थराथरांतून कसें पालटत जातें तें मांडलें.

हा वागेन पुढें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांत आला व कच्छकडे वळला. कच्छ म्हणजे धाराशिवला परकेंच. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजीं दोन्ही प्रदेश एकदमच मुंबई राज्यांत आले आणि १९६० पर्यंत एकत्र नांदले, हा एक गमतीचा योग. गोंडवन भूखंड फुटूं लागलें तेव्हां समुद्र कच्छांत शिरला होता. कॅप्टन ग्रँटचा कच्छच्या भूरचनेवरील निबंध १८४० मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें फर्डिनांड स्टोलिच्कानें तेथील थरांची विभागणी केली. तो १८७४ मध्यें यारकंदहून परततांना लडाखांत मरण पावला. कच्छचे अमोनाइट वागेननें १८७३ ते १८७५ मध्यें वर्णिले आणि स्पाथनें १९२७ ते १९३३ मध्यें ते पुन्हां तपासून शेंकडों जातींना नांवें दिलीं.

नांवांचा हा पसारा मात्र टिकला नाहीं. पोलंडचा माकोव्स्की व इंग्लंडचा कॅलोमन यांनीं १९६२–६३ मध्यें दाखविलें कीं, एकाच थरांत सांपडणारा मोठा शंख व लहान शंख हीं पुष्कळदां मादी व नर यांचीं कवचें असतात. पतिपत्नींस शंभर वर्षें निरनिराळ्या जातींत, कधीं कधीं निरनिराळ्या प्रजातींतहि, बसविलें गेलें होतें! कच्छच्या यादींतील कित्येक नांवें त्यानंतर एकमेकांत मिळविण्यांत आलीं. स्पाथच्या परिश्रमांस यामुळें कमीपणा येत नाहीं. त्यानें नमुने इतक्या काळजीनें वर्णिले नसते तर ही जुळणी करणेंहि अवघड झालें असतें.

अमोनाइटांचा शेवट झाला तो काळ धाराशिवचा दगड घडण्याचाच. ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, दख्खनवर लाव्हा वाहत असतांना, आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर प्रचंड अशनि कोसळला, आणि त्या सुमारास हें कूळ संपलें. आघात अशनीचा कीं लाव्हारसाचाहि वांटा मोठा, यावर वाद झाले; आज पारडें अशनीकडे झुकलेलें आहे. तशाच दालनांच्या शंखाचा नॉटिलस मात्र तरला आणि हिंदी व प्रशांत महासागरांच्या खोल पाण्यांत अद्याप आहे. त्याचें अंडें मोठें असतें व पिल्लू पुष्कळसें वाढूनच बाहेर पडतें. अमोनाइटाचें पिल्लू एखाद्या मिलिमीटराएवढें असे व लाटांवर तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत वाढे. समुद्राच्या पृष्ठभागावरील तें अन्न नाहींसें झालें तेव्हां अमोनाइटांचीं पिल्लें उपासमारीनें मेलीं असावींत, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.