चार, नऊ, चार

बिस्किटांच्या पुड्यावर छापलेला उष्मांकांचा आंकडा बहुधा साध्या गुणाकारानेंच काढलेला असतो. शंभर ग्रॅममध्यें प्रथिनें 8, स्निग्धांश 20 व पिष्टमय द्रव्यें 65 ग्रॅम असल्यास त्यांस अनुक्रमें 4, 9 व 4 यांनीं गुणावें. बेरीज 472 येते. हे गुणक मात्र सहजासहजीं हातीं आलेले नाहींत.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर (1844–1907) यानें पदार्थविज्ञानवेत्ता रोझा याच्या साहाय्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वेस्लियन विद्यापीठांत एक बंदिस्त खोली उभारली. तींत माणूस कित्येक दिवस राही. त्याचें अन्न, मलमूत्र, श्वास व अंगची उष्णता या सर्वांचें मोजमाप होई. यंत्रांत जाळल्यास एक ग्रॅम प्रथिन 5.65 उष्मांक देतें. परंतु देहांत त्यांपैकीं 1.25 मूत्रावाटे जातात, कांहीं भाग पचतच नाहीं. उरतात ते सुमारें 4.

या हिशेबाच्या मोहांतून अ‍ॅटवॉटरही सुटला नाहीं. जीवनसत्त्वांचा शोध लागावयाचा होता. म्हणून स्वस्तांत उष्मांक न देणारा हिरवा भाजीपाला त्याला गरिबांच्या संसारांत उधळपट्टी वाटे. गुणकही सरासरीचेच. 2012 सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन कृषिखात्याच्या प्रयोगांत बदामांपासून हिशेबापेक्षां सुमारें एकचतुर्थांश कमी उष्मांक मिळाले. कारण बदामांतील बरीच चरबी पेशींच्या भिंतींआड न पचतांच राहते.

पुड्यावरील आंकडा अन्नाची उष्णता सांगतो, तीही अदमासानें. अन्नाचें पोषणमूल्य त्याहून मोठें आहे.