जॅझ आणि मुंबईचे विस्मृत वादक

संगीताचा इतिहास बहुधा गवयांच्या नांवानें लिहिला जातो. साथ करणाऱ्यांचीं नांवें त्यांत क्वचितच आढळतात. जॅझ संगीताची कथा या नियमास अपवाद नाहीं.

अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं, आफ्रिकी वंशाच्या लोकांचीं श्रमगीतें, चर्चमधील भजनें आणि लष्करी बँडचीं वाद्यें यांच्या मिलाफांतून हें संगीत आकारास आलें. १९१७ सालीं जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पण ती वाजविणारे होते गोरे. ज्यांची ती विद्या, त्यांचें नांव त्या तबकडीवर नव्हतें.

१९३५ सालीं लिऑन ॲबी यांचें आफ्रिकी-अमेरिकन वादकांचें पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आलें. पुढें ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनींहि हें शहर गाजविलें. स्वदेशीं वर्णभेदानें गांजलेल्या या कलावंतांस येथें मान मिळाला. वेदरफर्ड तर मायदेशीं परतलेच नाहींत. १९४५ सालीं ते कलकत्त्यास निवर्तले.

त्यांच्या विद्येचे वारस ठरले गोमंतकीय. पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपीचें व व्हायोलिनचें शिक्षण मिळे. त्या बळावर मुंबईच्या वाद्यवृंदांत त्यांस जागा मिळाली. परंतु जॅझमध्यें कागदावरचें वाजवून भागत नाहीं. आपल्या गवयाच्या उपजेप्रमाणें तेथेंहि वादकास ऐन वेळीं स्वतःचें कांहीं निर्माण करावें लागतें. ही कला त्यांनीं ऐकून ऐकून साधली. हळदोण्याचे अंतोनियो शाविएर वाझ हे त्यांपैकींच. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें त्यांचा ट्रम्पेट विख्यात झाला.

हॉटेलांतील हे सूर पुढें चित्रपटांत शिरले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या ‘शहनाई’ (१९४७) व ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांनीं पाश्चात्त्य ठेका घरोघर पोंचविला. ‘अलबेला’मध्यें चिक चॉकलेट आपल्या पथकासह पडद्यावर दिसतातहि. पण असें भाग्य थोड्यांचेंच. संगीतकारानें चाल बांधावी, गोमंतकीय वादकानें तिची वाद्यरचना स्वरलिपींत लिहून काढावी, आणि तबकडीवर मात्र त्याचें नांव नसावें, हीच रीत होती. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मुळें ‘अँथनी गोन्साल्विस’ हें नांव सर्वतोमुखीं झालें. तें प्यारेलाल यांच्या व्हायोलिन-गुरूचें, हें किती जणांस ठाऊक होतें?

अशा वेळीं ग्रंथालय हेंच न्यायालय ठरतें. जुन्या वर्तमानपत्रांतील हॉटेलांच्या जाहिराती, तबकड्यांच्या सूची, सी. रामचंद्रांचें ‘माझ्या जीवनाची सरगम’ हें आत्मचरित्र, नरेश फर्नांडिस यांचा २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हा ग्रंथ, यांतून हरवलेलीं नांवें पुन्हां हातीं लागतात. अमेरिकेंत मार्शल स्टर्न्स यांनीं १९५२ सालीं स्थापिलेली जॅझ-अभ्यास संस्था आज रटगर्स विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा भाग आहे, तीहि याच हेतूनें.

सूर हवेंत विरतो. वादकाचें नांव विरूं न देणें एवढें तरी कागदाच्या हातीं आहे.