'आणि रेडिओ'

अमेरिकेतला नॅशनल पब्लिक रेडिओ, म्हणजे एनपीआर, एका पॅचमधून जन्माला आला. मी कोड लिहून पोट भरतो म्हणून मला तसं दिसत असेल, पण घटना जवळपास तशीच आहे. जानेवारी १९६७मध्ये कार्नेगी आयोगाचा अहवाल आला तो फक्त टीव्हीबद्दल. त्यावरून कायद्याचा मसुदा झाला, त्यातही रेडिओ कुठेच नव्हता. शैक्षणिक रेडिओ केंद्रवाले मागे लागले आणि अगदी शेवटी मसुद्यात ठिकठिकाणी 'आणि रेडिओ' घुसवलं गेलं. चक्क चिकटपट्टीने, असा किस्सा सांगतात. ७ नोव्हेंबर १९६७ला लिंडन जॉन्सननी सही केली.

१९७०मध्ये एनपीआर स्थापन झालं. पहिले कार्यक्रमप्रमुख बिल सीमरिंग यांना अधिकारवाणीने बातम्या वाचणारा आवाज नको होता. माणसं बोलतात तसं बोलणारा रेडिओ हवा होता. ३ मे १९७१, संध्याकाळी पाच वाजता 'ऑल थिंग्ज कन्सिडर्ड'चा पहिला भाग सुरू झाला, तेव्हा मुख्य टेपच तयार नव्हती. सूत्रधार रॉबर्ट कॉन्ली वेळ मारून नेत बोलत राहिले. (पहिल्या रिलीजच्या दिवशी असंच होतं.) मग टेप आली. त्याच दिवशी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांनी वॉशिंग्टनचे रस्ते अडवले होते, हजारो लोकांना अटक झाली होती. घोषणा, सायरन, हेलिकॉप्टर, सगळं रस्त्यावरून थेट कानात. आणि त्याच भागात आयोवामधला एक न्हावी: पुरुष केस वाढवायला लागल्यामुळे धंदा बसला, म्हणून तो बायकांच्या पायांवरचे केस काढून द्यायला लागला होता! मला विचाराल तर त्या काळाचा इतिहास निदर्शनांइतकाच या न्हाव्याच्या दुकानातही आहे.

१९८३मध्ये एनपीआर दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर पोचलं, कर्ज काढून वाचलं. पुढे पैशांची वाट उलटी केली गेली. सरकारी अनुदान मुख्यत: स्थानिक केंद्रांना मिळायचं आणि केंद्रं त्यांच्या पैशांतून एनपीआरचे कार्यक्रम विकत घ्यायची. आपल्या आकाशवाणीसारखं एकाच मालकाचं जाळं हे नव्हेच, केंद्रं स्वतंत्र.

डिझाइन म्हणून मला हे आवडतं. मुख्यालयाचं थेट सरकारी अवलंबित्व एक-दोन टक्क्यांवर आलं. पण मग झळ कुणाला बसणार? जुलै २०२५मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. राग वॉशिंग्टनच्या बातम्यांवर होता. तुटलं ते अलास्कातल्या बेथेलच्या केवाययूकेसारख्या केंद्रांचं, ज्यांचं निम्म्याहून जास्त अंदाजपत्रक या पैशांवर चालायचं. हे केंद्रही १९७१चंच. ते इंग्रजीबरोबर स्थानिक युपिक भाषेतही बोलतं. तिथे गावांना जोडणारे पक्के रस्ते नाहीत. हिवाळ्यात गोठलेली कस्कोक्विम नदी हाच रस्ता, आणि बर्फ गाडीचं वजन पेलेल का, हे लोक रेडिओवर ऐकतात.